विकर की विकार? एका कान्याचा प्रश्न

प्रश्न : एंडोमेट्रिऑसिसवर (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजण्याचा आजार) बायकांसाठी छोटी पुस्तिका लिहिते आहे. एन्झाइमसाठी, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनासाठी, शाळेच्या पुस्तकातला ‘विकर’ घेतला. मावशीला कच्चा मजकूर दिला, तर ‘या विकरामुळे तिथेच इस्ट्रोजेन तयार होतं’ हे तिनं ‘या विकारामुळे’ असं वाचलं. परत वाच म्हटलं, तरी तेच! ‘ते विकर’ आणि ‘तो विकार’ यात लिंगावरून फरक कळतो. पण ‘मुळे’ लागलं की दोन्हीकडे ‘या’, उरतो फक्त काना. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : ‘वितंचक’ आहे. संस्कृतात ‘आतंचन’ म्हणजे विरजण. एन्झाइम हा शब्दही 1870च्या दशकात जर्मनीतल्या विल्हेल्म क्यूने यांनी ग्रीकमधून घडवला, अर्थ ‘खमिरातलं’. मला हा शब्द फार आवडतो. पण पुस्तिकेत नको, वाचणारी अडखळेल.

उत्तर : मी सरळ ‘एन्झाइम’च लिहीन आणि जोर क्रियापदावर देईन, कारण इथे प्रत्येकाचं काम वेगळं. मेटॅलोप्रोटिनेज *कापतात* : पेशींभोवतीची कोलॅजेन या प्रथिनाची जाळी. पाळीत अस्तर सुटतं त्यातही त्यांचा हात असतो. एरवी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन त्यांना आवरतं. या आजारात पेशी त्याला नीट दाद देत नाहीत, म्हणून बाहेर पडलेल्या अस्तराला पोटात शिरकाव करणं सोपं जातं. अरोमाटेज *बनवतं* : अँड्रोजेन या हार्मोनपासून इस्ट्रोजेन हे हार्मोन. गर्भाशयातल्या निरोगी अस्तरात ते जवळपास नसतंच, बाहेर रुजलेल्या अस्तरात मात्र सापडतं. त्या इस्ट्रोजेननं कॉक्स-2 हे आणखी एक एन्झाइम वाढतं, कॉक्स-2मुळे कळ आणणारं प्रोस्टाग्लँडिन ई2 वाढतं, आणि ते पुन्हा अरोमाटेजला चेतवतं. पाळीत घेतात ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळी कॉक्सला अडवते, म्हणून कळ कमी होते. रुजलेलं अस्तर जागेवरच राहतं. हे पुस्तिकेत जरूर लिहा. गोळीनं बरं वाटलं म्हणून कितीतरी जणी वर्षानुवर्षं तपासणीच करत नाहीत.

आणि ‘अस्तर’ सोडू नका. ब्लाउजचं अस्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘अंतःस्तर’ लिहिलंत की पुन्हा विकर-विकारासारखी गत.

प्रश्नकर्ती : वाक्य बदललं : ‘अरोमाटेज नावाचं एन्झाइम तिथेच इस्ट्रोजेन बनवतं.’ मावशीनं न अडखळता वाचलं आणि विचारलं, “तिथेच म्हणजे गं कुठे?” बाहेर रुजलेल्या अस्तराचं वाक्य आता आधी घेते.