भयपटाचे मर्यादित प्रदर्शन : बारा पडदे घ्यावेत की मोजके खेळ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जणांनी मिळून ८६ मिनिटांचा एक भयपट पूर्ण केला असून आता प्रदर्शनापाशी गाडी अडली आहे. एका वितरकाने बारा पडद्यांवर एक आठवडा, प्रत्येक ठिकाणी रोज रात्रीचा शेवटचा एक खेळ, असा प्रस्ताव दिला आहे. तिकीटविक्रीतून आधी चित्रपटगृहाचा वाटा जाणार, मग वितरकाचे कमिशन, मग जाहिरातीचा खर्च, आणि त्यानंतर काही उरलेच तर ते आमचे. करारात जाहिरातखर्चाला कमाल मर्यादा घातलेली नाही आणि मला सर्वांत जास्त धास्ती याच कलमाची वाटते.

दुसरा मार्ग असा, की तीन-चार चित्रपटगृहे एकेका खेळापुरती ठरावीक भाडे देऊन आपणच घ्यावीत. यात तिकिटांचे सगळे उत्पन्न आमचे असेल, पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर भुर्दंडही आमच्याच माथी.

वितरक बोलता बोलता ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चा दाखला देतात. सुमारे १५ हजार डॉलरांत झालेला तो चित्रपट सप्टेंबर २००९मध्ये अमेरिकेतल्या १३ महाविद्यालयीन शहरांत मध्यरात्रीच्या खेळांनी सुरू झाला आणि प्रेक्षकांनी आपापल्या शहरासाठी मागणी नोंदवत त्याला देशभर नेले, हे खरेच आहे. मात्र तोवर तो एका बड्या स्टुडिओच्या हाती होता आणि महोत्सवातल्या पहिल्या खेळाला जवळपास दोन वर्षे उलटली होती, हे सांगायचे ते विसरतात. २०२२मधल्या ‘टेरिफायर २’चेही तसेच. अडीच लाख डॉलरांच्या त्या चित्रपटाचा ठरलेला छोटा मुक्काम प्रतिसाद पाहून वाढवण्यात आला, पण पहिल्या भागाने त्याच्यासाठी प्रेक्षक आधीच तयार ठेवला होता. आमच्यामागे ना स्टुडिओ, ना पहिला भाग.

मागच्या आठवड्यात एका चित्रपटगृहात चाचणी घेतली. डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, आदल्या दिवशीच सर्व्हरवर चढवून ठेवली होती, पण तिची केडीएम, म्हणजे ती उघडणारी किल्ली, सकाळी आठपासून लागू होती आणि आम्ही सातलाच पोहोचलो होतो, त्यामुळे तासभर पांढऱ्या पडद्यासमोर बसून काढला. नंतर जिन्यावरचा प्रसंग आला. संकलनाच्या मॉनिटरवर कठड्यामागचा चेहरा स्पष्ट दिसत होता, पण पडद्यावर तिथे नुसता काळोख होता. चित्रपटगृहाच्या पडद्यावरील पांढऱ्या रंगाची प्रमाणित तेजस्विता सुमारे ४८ निट असते आणि आमचा मॉनिटर त्याच्या दुपटीहून अधिक उजळ ठेवलेला होता. रंगसंस्करण आता पुन्हा करत आहोत. (आवाज मात्र अपेक्षेपेक्षा फारच चांगला लागला.)

ज्यांनी असे प्रदर्शन स्वतः केले आहे, त्यांना माझे विचारणे आहे की अनोळखी कलाकारांच्या भयपटासाठी बारा ठिकाणी विखुरलेले रात्रीचे खेळ पदरात काही टाकतात का, की थोड्याच ठिकाणी गच्च भरलेले दोन-तीन खेळ करून त्या जोरावर पडदे वाढवून मागणे शहाणपणाचे ठरते? शिवाय चित्रपटगृहे ४५ दिवस चित्रपट ऑनलाइन न आणण्याची अट घालत आहेत. इतक्या छोट्या प्रदर्शनाची चर्चा तेवढा काळ टिकणार नाही असे मला वाटते. ही मुदत कमी करून घेण्यात कोणाला यश आले असल्यास त्यांनी बदल्यात काय दिले, तेही कृपया सांगावे.

जाहिरातखर्चाची मर्यादा आणि प्रत्येक पडद्याचा रोजचा हिशेब मिळण्याचा हक्क, या दोन कलमांचा मसुदा कोणाकडे असल्यास पक्षांची नावे वगळून शब्दशः दिलात तर फार उपयोग होईल. वितरकाला आठ दिवसांत उत्तर द्यायचे आहे.