मदत हवी आहे: ॲडव्हान्स्ड डायव्हिंगसाठी परवडणारा मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी. स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स नेत्राणीला (कर्नाटक) केला, पुढचा ॲडव्हान्स्ड नुकताच हॅवलॉकला (अंदमान). आजवर भाड्याच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर (खोली आणि तिथे किती वेळ राहता येईल ते दाखवणारं यंत्र) भागवलं, पण परवा २६ मीटरवर त्याचा स्क्रीन चक्क विझला. बडी (जोडीदार डायव्हर) शेजारीच होता, सावकाश वर आलो, काही झालं नाही. पण तेव्हापासून ठरवलं, टाकी-बीसीडी (तरंगणं सांभाळणारं जॅकेट) भाड्याची चालेल, कॉम्प्युटर स्वतःचाच. साध्या हवेवर ३० मीटरला डाइव्ह टेबलप्रमाणे, वर येताना सक्तीचे थांबे न घेता, जेमतेम २० मिनिटं मिळतात, तिथे अंदाजपंचे काम नको.

बजेट २५-३० हजार. क्रेसी लिओनार्दो आणि मारेस पक प्रो बघितले. दोन्हींना एकच बटण, म्हणजे नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) प्रमाण बदलायचं तर टकटक करत बसायचं. हातमोजे घालून ते कितपत जमतं? पकमध्ये दोन गॅस टाकता येतात, पण मला सध्या ३२ टक्के नायट्रॉक्सच्या पुढे जायचं नाही. सेल घरी बदलता येतो हे मात्र दोन्हींचं आवडलं.

शिअरवॉटर पेरेग्रीनचा रंगीत स्क्रीन पाहून जीव अडकलाय (चाळिशी लागली आहे, बारीक आकडे दिसत नाहीत!). शिवाय ग्रेडियंट फॅक्टर (कॉम्प्युटरने किती सावध हिशेब धरायचा ते ठरवणारे आकडे) आपल्याला हवे तसे ठेवता येतात. पण तो बजेटच्या पार बाहेर. वर्षाला १०-१२ डाइव्हसाठी एवढा खर्च करावा का? की जुना घ्यावा? जुना घेताना नेमकं काय तपासायचं? मालवणच्या गढूळ पाण्यात यातलं काही वापरलेल्यांनी जरूर सांगा.