मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून जैसलमेर, आधी मेवाड की आधी वाळवंट?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत स्वतःची गाडी काढून राजस्थानला जायचं ठरतंय. बारा दिवस हातात आहेत. मी, बायको, सहावीतली मुलगी आणि आबा, म्हणजे माझे वडील, वय ७१. गाडी पेट्रोलवरची, छोटी, तीन वर्षांची. हायवेला चालवणारा मी एकटाच.

आबा एसटीत चालक होते. स्वारगेटहून भोर, वरंध घाट, महाड ही त्यांची वर्षानुवर्षांची ड्युटी. घाट अंगात मुरलाय, पण वाळवंट कधी पाहिलेलं नाही. डोंगर संपून वाळू कुठे सुरू होते ते जमिनीवरून जाऊन बघायचं, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे जोधपूरपर्यंत विमानाने जाऊन पुढे टॅक्सी, हा विषय घरात निघतच नाही. त्यांनी एका दोनशेपानी वहीत पट्टीने रकाने आखलेत: गाव, अंतर, चहा, जेवण, मुक्काम. संध्याकाळी सातनंतर प्रत्येक दिवसापुढे दोनच शब्द लिहिलेत, 'गाडी बंद'.

बेत असा. पहिला मुक्काम बडोदा, दुसरा उदयपूर. मग कुंभलगड, राणकपूर, जोधपूर, जैसलमेर. तिथे तीन रात्री, त्यातला एक दिवस सीमेजवळचं तनोट मातेचं मंदिर आणि लोंगेवाल्याची युद्धभूमी. परत येताना बाडमेर, माउंट अबू, अहमदाबाद, पुणे. पुण्यातून निघताना नाशिकमार्गे गेलं तर चाकणलाच सकाळ जाते, म्हणून पहाटे चारला निघून घोडबंदर उजाडायच्या सुमारास पार करायचं.

घोडं अडलंय ते गर्दीपाशी. मागे एकदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अबूला गेलो होतो. आबूरोडहून वर जाणाऱ्या घाटात साडेतीन तास गाडी इंचाइंचाने सरकत होती, क्लच जळाल्याचा वास आत येत होता. वर पोचलो तर बुक केलेली खोली दुसऱ्यांना देऊन टाकलेली. आई तेव्हा होती. तिने ती रात्र गाडीत बसून काढली. ते मला पुन्हा घडू द्यायचं नाही.

दुसरी काळजी उताराची. कुंभलगडकडून खाली मारवाडात, म्हणजे जोधपूरकडच्या सपाटीत, उतरायला सायरा-राणकपूरचा जंगलातला रस्ता आहे आणि चारभुजा-देसुरीचा आहे. दुसऱ्याला 'देसुरीची नाळ' म्हणतात हे ऐकून आबांना आपल्या सह्याद्रीतली बोराट्याची नाळ आठवली आणि ते खूश झाले. पण त्या उतारावर मोठे अपघात झालेत असं वाचलंय. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे आबांनी मला शिकवलेलं आहे. तरी भरलेली गाडी, अनोळखी वळणं. कोणता रस्ता धरावा?

मुलीने परवा विचारलं, तिकडे एवढे डोंगर आहेत तर पाऊस का नाही? मी नकाशा काढून दाखवलं: सह्याद्री पावसाळी वाऱ्याच्या वाटेत आडवा उभा आहे म्हणून कोकण भिजतं, अरवली त्याच वाऱ्याच्या दिशेने लांबट पसरलीय, वारा तिला समांतर निघून जातो. तेव्हापासून तीही आबांच्या वहीत डोकं घालून बसते.

आणखी एक. आबांचे गुडघे दुखतात. कुंभलगडची चढण त्यांना झेपेल का? आणि जैसलमेरजवळ वाळूत तंबूत राहायचं तर सम गाव बरं की खुरी?

जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:

दादा, फेरी उलटी करा. गुजरातेत पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत दुकानं बंद असतात आणि सगळं गुजरात उदयपूर-अबूला लोटतं. ते दिवस तुम्ही वाळवंटात काढा. जैसलमेरलाही गर्दी असते, त्यामुळे तिथली खोली आजच पक्की करा आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा खात्री करून घ्या. बडोद्याहून अहमदाबाद, पालनपूर, डीसा, धानेरा, सांचोर करत बाडमेर गाठा. धोरीमन्नाच्या आसपास वाळूची टेकाडं रस्त्यालगत येतात, तिकडे त्यांना धोरे म्हणतात. बाडमेर ते जैसलमेर साधारण दीडशे किलोमीटर, अर्ध्या दिवसाचं काम. परतताना पोखरण, फलोदी, जोधपूर, राणकपूर, कुंभलगड, उदयपूर. म्हणजे मेवाडात तुम्ही लाभपंचमीनंतर पोचता आणि अरवली उतरायच्याऐवजी चढता. अबू या वेळी सोडून द्या.

खीचन चुकवू नका, फलोदीला लागूनच आहे. थंडीत हजारो कांड्या करकोचे येतात, गावकरी सकाळी त्यांना दाणे घालतात. पहाटे पोचायला हवं, म्हणून मुक्काम फलोदीत.

तनोट जैसलमेरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत. रामगडला टाकी भरा, पुढे मोबाइलचा भरवसा धरू नका, ओळखपत्रं जवळ ठेवा. मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. १९६५ च्या युद्धात पडलेले, न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेत. वारा सुटला की डांबरावर वाळूचे पट्टे येतात. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, आधीच वेग कमी करायचा. अंधारात उंट अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, त्यामुळे तुमच्या वडिलांचे ते दोन शब्द तंतोतंत पाळा.

समला तंबूंची रांगच आहे, रात्री लाऊडस्पीकर. ज्येष्ठांबरोबर खुरी बरं. कुंभलगडची वरपर्यंतची चढण खडी आहे. बाबांना पहिल्या दरवाजापाशी सावलीत बसवा, ३६ किलोमीटरच्या तटबंदीचा अंदाज तिथूनही येतो. राणकपूरच्या जैन मंदिरात पर्यटकांना दुपारी बारानंतर सोडतात, चामड्याचा पट्टा गाडीत ठेवा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प होते, मग वहीचं नवं पान उघडून पट्टी मागितली. म्हणाले, "बरं झालं. सपाटीवरून येताना डोंगर लांबूनच दिसायला लागेल." अबू त्यांनी स्वतःच खोडलं.

आता एकच विचारतो. खुरीत खाटेवर झोपायची सोय मिळते का? त्यांना जमिनीवरून उठता येत नाही. आणि गाडी उभी करतात तिथून वाळूच्या टेकाडापर्यंत किती चालावं लागतं?