पालखीच्या बंदोबस्तात लाठी चालली. दाद कोठे मागावी?

प्रश्न : खाडीकाठचा गावकरी

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आहे. यंदाच्या शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवण्याच्या चौथऱ्यावर, नेण्याचा पहिला मान कोणत्या वाडीचा, हा जुना वाद पुन्हा उफाळला आणि तालुक्याहून बंदोबस्त आला. आवाज चढले, ढोल थांबले आणि थोड्याच वेळात लाठ्या चालल्या. माझा चुलत भाऊ सहाणेमागच्या फणसाखाली मुलाला खांद्यावर घेऊन उभा होता. मुलाला लागू नये म्हणून त्याने हात वर केला. फटका मनगटावर बसला आणि हाड मोडले.

बंदोबस्त नको होता, असे मी म्हणत नाही. तो नसता तर डोकी फुटली असती. परंतु लाठीचा हुकूम कोणी दिला आणि आधी इशारा दिला होता का, हे विचारायला आम्ही ठाण्यात गेलो, तेव्हा ‘जमावात उभे कशाला राहिलात?’ एवढेच ऐकून परतलो. गेल्या महिन्यात आमच्या वाडीतील एका होडीचे इंजिन चोरीस गेले, तर मालक तक्रार द्यायलाही गेला नाही. मोडलेल्या हाडापेक्षा मला याची चिंता अधिक वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर : चिपळूणचा वकील

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो, आणि तो कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा त्यांच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीच देऊ शकतो. हुकूम होऊनही जमाव हलला नाही, किंवा हलणार नाही असे त्याच्या वागण्यावरून दिसले, तरच बळ वापरता येते. तेव्हा तुम्ही ठाण्यात विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता.

हाड मोडणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ ठरते, म्हणून सरकारी रुग्णालयाचा दाखला आणि एक्स-रे जपून ठेवा. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तेथेही दखल न घेतल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तक्रार कर्तव्यावरील लोकसेवकाविरुद्ध असल्याने ते आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतात, त्यामुळे वेळ लागतो, हे मनाशी धरून चला. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेल्या निर्देशांनंतर राज्याने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली आहे. गंभीर दुखापतीची तक्रार तेथेही करता येते.

उत्तर : निवृत्त हवालदार, सिंधुदुर्ग

मी अनेक वर्षे शिमग्याच्या आणि गणपतीच्या बंदोबस्ताला उभा राहिलो आहे. लाठी कमरेखाली मारावी, डोक्यावर मारू नये, हे आम्हाला शिकवलेले असते. परंतु अंधारात, गुलालात, रेटारेटीत आणि चौदा तास पायावर उभे राहिल्यावर ते शिक्षण हातात टिकत नाही. ही सबब नव्हे, मी पाहिलेली वस्तुस्थिती आहे. मुख्यालयाहून आलेल्या जवानाला मानकरी कोण, भांडणारा कोण आणि फणसाखालचा बघ्या कोण, हे ठाऊक नसते. ते बीट अंमलदाराला, म्हणजे त्या भागासाठी नेमलेल्या पोलिसाला, आणि पोलीस पाटलाला ठाऊक असते, आणि नेमके तेच अशा वेळी मागच्या रांगेत उभे असतात.

एकदा माझ्या लाठीने एका म्हाताऱ्या गुरवाच्या खांद्याला लागले होते. दुसऱ्या दिवशी आमचे फौजदार मला घेऊन त्यांच्या घरी गेले. ओटीवर बसून त्यांनी हुकूम कोणत्या वेळी दिला, का दिला आणि चूक कोठे झाली, ते सर्वांसमक्ष सांगितले. गुरवांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, पण पुढच्या वर्षी वाद पेटण्याआधी निरोप त्यांच्याच घरून आला. तुमच्या ठाण्यातून तुमच्या भावाच्या घरी कोणी आले का? नसेल, तर अर्जात चौकशीबरोबर हीही मागणी लिहा.

उत्तर : उरणकर

जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात आमच्याकडे गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्यांना अभिवादन होते. मी तेव्हा लहान होतो. आजही रस्त्यात खाकी गाडी थांबली की माझी आई मुलांना आधी घरात बोलावते. हवालदारसाहेब सांगतात तसे ओटीवर येऊन बोलायला आमच्या घरी कोणी आले नव्हते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. आज अधीक्षक कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली. घरी येऊन सांगावे, ही मागणीही त्यात लिहिली आहे. होडीच्या मालकालाही बरोबर नेले होते. तो फाटकापर्यंत आला आणि माझे काम होईपर्यंत बाहेर रस्त्यावरच उभा राहिला.