समुद्रकड्यावरची करडी झुडपे : मेलेली की जिवंत?

प्रश्न

नमस्कार. आम्ही पुण्याहून सॅन डिएगो येथे राहायला आलो असून आमच्या गृहसंकुलाची मागची हद्द समुद्रकड्याच्या माथ्याला लागून आहे. तेथील कमरेएवढी झुडपे मार्चमध्ये हिरवीगार होती आणि काहींवर पिवळी फुलेही होती. आता ऑगस्टमध्ये मात्र बहुतेकांच्या नुसत्या करड्या काड्या उरल्या आहेत. काही रहिवाशांच्या मते ती मेली आहेत, तेव्हा ती उपटून तेथे ठिबक सिंचन करावे आणि आइसप्लांट (जमिनीवर गालिच्यासारखी पसरणारी मांसल पानांची वनस्पती) लावावे, म्हणजे उतारही धरून राहील. मला हे पटत नाही, परंतु सभेत मांडण्यासाठी आधार हवा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली शंका योग्य आहे. ती झुडपे बहुधा जिवंत आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील या झुडूपवनाला 'कोस्टल सेज स्क्रब' म्हणतात. कॅलिफोर्निया सेजब्रश, ब्लॅक सेज, कॅलिफोर्निया बकव्हीट आणि पिवळ्या फुलांची एन्सेलिया ही त्यातील मुख्य झुडपे. सेजब्रशचे पान चुरडून पाहा. आपल्या दवण्याच्याच प्रजातीतील ही वनस्पती असल्यामुळे तिचा उग्र सुवास आपल्याला अगदीच परका वाटणार नाही.

आपल्याकडे ऊन तापते आणि पाठोपाठ पाऊस येतो, म्हणून ऊब आणि ओल यांची सांगड आपण गृहीत धरतो. सॅन डिएगोत वर्षाला सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा हिवाळ्यात व वसंताच्या सुरुवातीला; उन्हाळा कोरडा जातो. या झुडपांची मुळे उथळ असल्याने खोलवरच्या ओलाव्यापर्यंत ती पोहोचत नाहीत, त्यामुळे पाणी वाचवण्यासाठी ती पानेच टाकून देतात. सेजब्रश व ब्लॅक सेज यांची तर आणखी एक खुबी आहे : वसंतातील मोठी पाने गळाल्यावर आखूड फांद्यांवर लहान पाने उरतात आणि त्यांच्यावर झुडूप उन्हाळा काढते. बकव्हीटचे गंजाच्या रंगाचे तुरे हेही मरणाचे लक्षण नव्हे. ती वाळलेली फुले असून त्यातील बिया पक्षी खातात. त्याच कड्यावर जाड, हिरव्या पानांचे लेमोनेडबेरी दिसले, तर ते आंबा-काजूच्या कुळातील सदाहरित झुडूप आहे.

खात्रीसाठी काडीची साल नखाने खरवडावी. आत हिरवा थर असेल तर झुडूप जिवंत आहे. मात्र दया येऊन उन्हाळ्यात वारंवार पाणी घालू नये, कारण उबदार ओल्या मातीत बुरशी वाढते आणि या वनस्पतींची मुळे कुजतात.

प्रतिसाद २

वरील उत्तरात भूशास्त्राच्या बाजूने भर घालतो. तेथील किनारा पायऱ्यापायऱ्यांचा आहे. लाटांनी कापून सपाट केलेला समुद्रतळ जमिनीच्या उत्थानामुळे वर येतो आणि पुढे त्याखाली नवी पायरी कापली जाते. लॉस एंजेलिसजवळच्या पालोस व्हर्डेस द्वीपकल्पावर अशा तेरा पायऱ्या मोजल्या गेल्या आहेत. या पायऱ्यांवरील वाळूमिश्रित थर बरेचदा भुसभुशीत असतात. बागेचे पाणी त्यांतून खाली झिरपते, कमी पाझराच्या थरावर अडते आणि कड्याच्या उघड्या बाजूने बाहेर पडताना माती सैल करते. म्हणून कड्याच्या माथ्यावर कायमचे सिंचन बसवणे हा या प्रस्तावातील सर्वांत धोक्याचा भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आइसप्लांट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियात रेल्वेमार्ग आणि महामार्ग यांच्या कडेची माती धरण्यासाठी ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. परंतु त्याची मांसल पाने पाण्याने जड असतात आणि मुळे उथळ असतात, त्यामुळे तीव्र उतारावर त्याचा आख्खा गालिचा मातीसकट घसरू शकतो. शिवाय त्याखाली स्थानिक रोपे रुजत नाहीत.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सभेत वणव्याचा मुद्दा नक्की निघेल. कोरडी झुडपे घराजवळ ठेवणे सुरक्षित आहे का?

प्रतिसाद १

वणव्याची भीती रास्त आहे आणि ती टाळून बोलू नये. घराभोवती १०० फुटांपर्यंत ज्वलनशील भार कमी ठेवण्याचा नियम कॅलिफोर्नियात वणवाप्रवण क्षेत्रांना लागू आहे. आपली जागा त्यात येते का, हे स्थानिक अग्निशमन विभागाला विचारावे. परंतु भार कमी करणे म्हणजे जमीन उघडी करणे नव्हे. मेलेल्या फांद्या छाटून झुडपांमध्ये अंतर ठेवता येते. सगळे उपटल्यास त्या जागी परदेशी गवते आणि काळी मोहरी येतात. ती उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळतात आणि चटकन पेटतात. वारंवार आगी लागल्या की झुडपांना पुन्हा उभे राहायला अवधी मिळत नाही आणि गवत कायमचे ठाण मांडते.

छाटणीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. कॅलिफोर्निया नॅटकॅचर हा मांजराच्या पिलासारखा आवाज काढणारा छोटा करडा पक्षी याच झुडपांत घरटे करतो आणि १९९३ पासून त्याला केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. त्याचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते ऑगस्ट असतो, त्यामुळे छाटणी त्यानंतर, शरद ऋतूत करावी, आणि पक्षी तेथे असल्याची शंका आली तर आधी जीवशास्त्रज्ञाकडून पाहणी करून घ्यावी. मोकळ्या जागी नवी रोपे लावायची असतील तर तीही पहिल्या पावसाच्या सुमारास लावावीत. मग रुजेपर्यंतचे थोडे पाणी पुरते आणि ठिबकच्या नळ्यांची गरजच उरत नाही.