मदत हवी आहे: पुढचा गेम कोणता घेऊ?

मंडळी, जरा सुचवा ना. लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे एल्डन रिंग वगैरे सांगू नका प्लीज.

हल्ली खेळलेले सांगतो म्हणजे अंदाज येईल. बलाट्रो (२०२४, पत्त्यांचा गेम) म्हणजे शुद्ध व्यसन, पोकर येत नसलं तरी चालतं, साध्या जोडीवर पण नीट जोकर (गुण वाढवणारे खास पत्ते) जमले की गुणक असा चढत जातो की रात्रीचे दोन कधी वाजले कळत नाही. हेडीस (मारामारीचा गेम) मस्तच, कारण मेलो तरी घरी परत गेल्यावर लोक काहीतरी नवीन बोलतात, त्यामुळे हरल्याचा वैताग येत नाही. स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसाने बनवलाय म्हणून आदर आहे पण ते मासे पकडणं, तो हिरवा पट्टा सांभाळता सांभाळता बोटं दुखली, शेती बरी त्यापेक्षा. हॉलो नाइट दिसायला भारी, पण नकाशा विकत घ्या आणि वर आपण कुठे आहोत ते बघायला वेगळं होकायंत्र पण लावा, हे काय राव? अर्ध्यात सोडला.

तर हेडीससारखा, छोट्या डावांचा, कंट्रोलरशिवाय कीबोर्डवर नीट खेळता येईल असा काही आहे का? स्ले द स्पायर (तोही पत्त्यांचाच) कसा वाटला कोणाला? बलाट्रोनंतर तेच तेच वाटेल का?