तापोळ्याला मुलांची कॅनो सहल : सामान कसं भरू? माणशी ६०० रुपयांत बसवायचंय

लालबागची_ताई

नमस्कार. लालबागला आमच्या मंडळाचा मुलांचा गट आहे. सोळा मुलं, वय १३ ते १७, त्यात सहा मुली. सव्वीस जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत कोयनेच्या शिवसागर जलाशयात कॅनो, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होड्या, घेऊन जायचं ठरलंय. दोन रात्री, तीन दिवस. तापोळ्याहून निघायचं, रोज चार-पाच तास वल्हवायचं, रात्री काठावरच्या एका गावकऱ्याच्या शेतात तंबू. बोटी, वल्ही, लाइफ जॅकेट आणि दोन प्रशिक्षक आयोजकाचे. बाकी सगळं सामान आमचं, आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

राजगड, हरिश्चंद्रगड मी केलेत, ट्रेकची सॅक डोळे मिटून भरेन. पाण्यावरचं मात्र काही कळत नाही. आयोजकाच्या यादीत प्रत्येकाला ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी), क्विक ड्राय पँट, वॉटर शूज, स्लीपिंग बॅग असं सगळं आहे. मी दुकानात जाऊन बेरीज केली, माणशी साडेचार हजारांच्या वर गेली. आमच्याकडे कोणाची आई पोळीभाजी केंद्रात आहे, कोणाचे वडील रात्रपाळीला सिक्युरिटीत. यादी ग्रुपवर टाकली त्याच रात्री दोघांनी कळवलं, "ताई, त्या दिवशी आम्हाला क्लास आहे." क्लास नाहीये, मला माहीत आहे.

सामान नाही म्हणून एकही मूल मागे राहू नये, एवढंच मला हवंय. मंडळ माणशी ६०० रुपये देतंय. काय घ्यावंच लागेल, काय घरातलं चालेल, कशात अजिबात काटकसर करू नये, हे अनुभवी लोकांनी सांगा.

---

ठाण्याचा_वल्हेकरी

ताई, त्या दोन मुलांना आजच फोन करा आणि सांगा की सामान मंडळाचं आहे. ६०० रुपयांत होतं. मी गेली अकरा वर्षं शाळकरी मुलांना भातसा, भंडारदरा आणि तापोळ्याच्या पाण्यावर नेतोय. पहिली दोन वर्षं आमच्याकडेही काही नव्हतं.

आधी हे बघा, ट्रेकमध्ये सामान पाठीवर असतं म्हणून वजनाची चिंता. इथे वजन बोट उचलते, चिंता ओल्याची. प्रत्येक मुलाच्या सामानाचे दोन भाग करा. एक "भिजेल ते" आणि दुसरा "मेलो तरी भिजणार नाही ते". दुसऱ्या भागात रात्रीचा एक कोरडा जोड, लोकरी टोपी, मोजे आणि पांघरूण, बस. ही पिशवी दिवसा उघडायची नाही म्हणजे नाही. पोरं दुपारी कपडे ओले झाले की लगेच कोरडे काढायला बघतात. तिथे कडक राहा. दुपारचं ऊन अंगावरचे कपडे वाळवतं, रात्रीची थंडी काही वाळवत नाही. महाबळेश्वरच्या खालचं खोरं आहे, जानेवारीत पहाटे तंबूच्या कापडावर दव अक्षरशः निथळत असतं.

ड्राय बॅगचं असं करा. दोन जाड प्लास्टिक पिशव्या एकात एक, कपडे भरायच्या, वर बसून हवा काढायची. मग पिशवीची मान दोरीसारखी पीळ देत वळायची, वळलेली मान उलटी दुमडायची आणि त्या दुमडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळायची. साधा रबर बँड तुटतो, ट्यूब तुटत नाही. पंक्चरवाला फाटक्या ट्यूब सहज देतो, एका ट्यूबमधून दहा-बारा पट्ट्या निघतात. हे गाठोडं शाळेच्या दप्तरात घालायचं. दप्तर भिजू दे, त्याचं काम प्लास्टिकला काट्यापासून वाचवणं. निघण्याआधी प्रत्येक पिशवी पाण्याच्या पिंपात दाबून दहा मिनिटं धरा. आत कपड्यांऐवजी वर्तमानपत्र भरा, कुठे ओल शिरली ते कागदावर लगेच दिसतं.

विकतच्या खऱ्या ड्राय बॅग तीन-चारच घ्या. औषधं, फोन आणि दोन जादा पांघरुणं यांच्यासाठी. तोंड किमान तीन वेळा गुंडाळून मगच बकल लावायचं, एका वळणावर लावलं तर पाणी शिरतंच.

कपड्यांना एक पैसा खर्चू नका. लालबागची पोरं आहेत ना? गोविंदा पथकाचे टी-शर्ट, कबड्डीच्या जर्सी, बहुतेक पॉलिस्टरच्याच असतात. तेच क्विक ड्राय. जीन्स आणि जाड सुती हुडी मात्र दारातूनच परत पाठवा. भिजलेली जीन्स घातलेलं मूल पाण्यातून बोटीत ओढून घ्यायला दोन माणसं लागतात, मी ओढलंय. पायात पट्ट्याचे फ्लोटर्स किंवा जुने कॅनव्हास शूज. स्लिपर नको. जानेवारीत धरणाचं पाणी उतरू लागलेलं असतं, काठाला घोटाभर चिखल असतो, स्लिपर त्यात राहते आणि मूल पुढे जातं.

काटकसर कुठे करायची नाही म्हणता? लाइफ जॅकेट. आयोजकाचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एका सहलीत (नाव घेत नाही) आम्हाला मिळालेली जॅकेट मोठ्या माणसांची होती. एका तेरा वर्षांच्या मुलीने उथळ पाण्यात उडी मारली आणि जॅकेट वर सरकून तिच्या नाकापर्यंत आलं, हात वर, तोंड आत. मी तीन हातांवर होतो म्हणून निभावलं. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला जॅकेट घालून, सगळे पट्टे आवळून, खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचलतो. कानापर्यंत सरकलं तर ते त्याचं जॅकेट नाही. आतल्या लेबलवर किती किलोच्या माणसासाठी ते लिहिलेलं असतं, तेही वाचा. पोहता येणाऱ्यासाठी किमान ५० न्यूटन उचल देणारं असतं, न येणाऱ्याला जास्त उचल देणारं मागा. फोम बोटाने दाबा, दबून तसाच राहिला तर परत द्या. आणि पोरांची वजनं आयोजकाला आजच कळवा, म्हणजे तिथे गेल्यावर "एवढीच आहेत" असं ऐकावं लागणार नाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्याप्रमाणे आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. ती मागायला लाजू नका.

आणखी एक. वासोटा किल्ल्याकडचा काठ कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे उतरायचं नाही, मुक्काम तर नाहीच. तुमचा मुक्काम कुठल्या काठावर आहे ते नकाशावर बोट ठेवून विचारून घ्या.

---

वेसावकर_नाखवा

ताई, मी वेसाव्याचा. खाऱ्या पाण्याचा माणूस, पण होडी ती होडीच.

दोरी सांगतो. दुकानात "नायलॉन द्या" म्हणाल तर नायलॉन देईल आणि ती बुडते. पॉलिप्रॉपिलीनची मागा, ती तरंगते. नागदेवी स्ट्रीटला किलोवर मिळते. पंधरा मीटरचे दोन तुकडे करा, एकेका कापडी पिशवीत सैल भरून ठेवा, गुंडाळी करू नका. पाण्यात पडलेल्याकडे पिशवी फेकायची, टोक आपल्या हातात. पण हाताला फास घालायचा नाही, मनगटाला वेढा द्यायचा नाही. कधीच नाही. माणसालाही होडीला बांधायचं नाही.

सामान मात्र बांधायचं. सगळ्या दप्तरांच्या पट्ट्यांतून एकच दोरी ओवा आणि होडीच्या मधल्या आडव्या दांड्याला बांधा. जड ते तळाला, मध्ये. होडीचा काठ पाण्याच्या वर एक वीत तरी दिसला पाहिजे, नसेल तर सामान उतरवा, पुढच्या होडीत द्या. समोरून वारा असेल तर थोडं वजन पुढे सरकवा, मागून असेल तर मागे. नाहीतर होडी तोंड फिरवत राहते आणि पोरं वल्हवून दमतात. अशा मोठ्या पाण्यावर दुपारी वारा उठतो, म्हणून लवकर निघा, जेवायच्या आत मुक्काम गाठा.

उपसायला पाच लिटरचा तेलाचा कॅन घ्या, हँडल ठेवून खालचं टोक तिरकं कापा. दर होडीला एक, सुतळीने बांधलेला. सगळ्या चाळीकडून गोळा करा, विकत घेऊ नका. दर दोन होड्यांमागे एक जादा वल्हं हवं. ते आयोजकाकडून लिहून घ्या.

जेवणाच्या सामानाला निळा ड्रम, लोखंडी कडीच्या झाकणाचा, आत रबराची रिंग असते तो. तीस लिटरचा बघा, साठचा भरला की पोरांना उचलत नाही. धारावीत, कुर्ल्याला जुने मिळतात, पण आधी नाक घालून वास घ्या. लोणच्याचा वास आला तर घ्या, औषधाचा किंवा रंगाचा आला तर कितीही धुतला म्हणाला तरी घेऊ नका. रिकामा झाला की रात्री बसायला होतो.

---

सायनची_सिस्टर

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय, मी फक्त औषधांचं आणि मुलींचं लिहिते.

औषधांची पेटी एक नको, दोन करा, वेगवेगळ्या बोटींत. दम्याचं मूल असेल तर एक पंप त्याच्या जॅकेटच्या खिशात आणि दुसरा तुमच्याकडे. पालकांकडून एका कागदावर आजार, ॲलर्जी, चालू गोळ्या लिहून घ्या आणि तो कागदही प्लास्टिकमध्ये ठेवा. चष्म्यांना मागून दोरी बांधा. ओआरएस भरपूर घ्या. पाण्यात बसलेल्या मुलाला तहान कळत नाही, ऊन मात्र लागत असतं. जलाशयाचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय प्यायला देऊ नका.

भिजलेलं मूल कुडकुडतंय तोवर ठीक आहे, हालचाल करवा. बोलणं जड झालं, हातातली वस्तू सुटायला लागली, गप्प-गप्प बसलं, की थांबा. काठाला लावा, ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका, दोन पांघरुणांत गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा. हातपाय चोळू नका. वल्हेकरी दादा म्हणतात ती न भिजणारी पिशवी म्हणजे माझ्या लेखी औषधच आहे.

साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचं नाही. मूल स्थिर ठेवून उचलून न्यायचं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते जायच्या आधी फोन करून विचारा. पाण्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, १०८ कुठून लागेल ते गावकऱ्यांना विचारून ठेवा.

मुलींसाठी पॅड्स तुम्ही स्वतःच जास्तीचे न्या, आणि जायच्या आधी सहाही जणींना एकत्र बसवून सांगा की ते तुमच्याकडे आहेत, वापरलेले ठेवायला वेगळी झाकणाची बरणी आहे आणि तंबूमागे आडोसा केलेला असेल. नुसतं एवढं माहीत नसल्यामुळे चौदा वर्षांच्या मुली अशा सहलींना नाही म्हणतात. आईला सांगतात पोट दुखतंय.

---

लालबागची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर जे झालं ते सांगते.

त्या दोघांना फोन केला. सामान मंडळाचं आहे म्हटल्यावर एकजण म्हणाला, "मग क्लास बुडवतो." दोघंही येतायत.

रविवारी चाळीच्या नळापाशी पिंप भरून सोळाही पिशव्या बुडवल्या. पहिल्या फेरीत सात गळल्या. बहुतेकांची चूक एकच होती, मान वळवली होती पण उलटी दुमडली नव्हती. दुसऱ्या फेरीत दोन. तिसऱ्यांदा सगळे कागद कोरडे निघाले आणि वरच्या गॅलरीतून बघणाऱ्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाचे बाबा टायरच्या दुकानात आहेत, त्यांनी ट्यूबच्या पट्ट्या स्वतः कापून आणल्या, सगळ्या एका मापाच्या.

तेलाचे कॅन अकरा जमले. जर्सी सगळ्यांकडे निघाल्या. स्लीपिंग बॅग एका गिर्यारोहण संस्थेने भाड्याने दिल्या, अर्ध्या पैशांत, मुलं कुठली आहेत ते ऐकल्यावर. गोधडी भिजली तर वाळणार नाही म्हणून पांघरुणाला तेवढा खर्च मी केलाच. ड्रम दोन घेतले, एकाला कैरीच्या लोणच्याचा वास आहे. त्यात थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे आणि खिचडीचं सामान बसतंय, मोजून बघितलं. सगळं मिळून माणशी ५७० रुपये झाले.

मुलींना घेऊन बसले, सिस्टर. आडोशाचं सांगितल्यावर सर्वात लहान मुलीने पहिल्यांदाच तोंड उघडलं, विचारलं, "ताई, आडोशाला टॉर्च असेल ना?" तो तिच्याच हातात दिलाय.

आयोजकाला सोळा जणांची वजनं पाठवली, नोंदणीची प्रत आली. जादा वल्ही मात्र एकच देणार म्हणतायत, बोटी आठ आहेत. नाखवा, एकावर भागेल का, की अडून बसू?

---

वेसावकर_नाखवा

अडून बसा. चार मिळेपर्यंत.